बासचा रॉड आणि आपली मरळ : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी अमेरिकेतल्या बास फिशिंगवर लिहिलं होतं. लार्जमाउथ बास हा काय मासा आहे, तिकडची माणसं त्याच्यासाठी रॉड, रील, लूअरवर (म्हणजे नकली आमिषावर) किती जीव टाकतात, आणि तेच सामान आपल्या मरळीला कसं चपखल बसतंय, एवढाच विषय होता. पण पत्रं आणि मेसेज एवढे आले की या वेळचं सगळं सदर त्यांनाच द्यायचं ठरवलं. कोल्हापूरला कुस्तीचा नाद, फुटबॉलचा नाद सगळ्यांना माहीत आहे, पण पहाटे साडेपाचला रॉड खांद्यावर टाकून बंधाऱ्याकडं निघणारी एवढी मंडळी आपल्यात आहेत हे बघून लई बरं वाटलं.

हॉटेलात 'बासा फ्राय' मिळतो तोच तुमचा बास का? आणि माझ्या माहेरी अलिबागला जिताड्यालाही सी बास म्हणतात, मग खरं कुठलं?
(राजारामपुरीतून एक ताई)

ताई, तिन्ही वेगळे. हॉटेलातला बासा हा पंगासियस घराण्यातला, अंगावर खवले नसलेला मासा, मूळचा व्हिएतनामकडच्या मेकाँग नदीचा. तुमच्या माहेरचा जिताडा म्हणजे एशियन सी बास, खाडीत राहतो, मोठा होतो, आणि चवीला काय असतो ते तुम्हाला मी सांगायला नको. आणि मी लिहिलं तो लार्जमाउथ बास उत्तर अमेरिकेतला, गोड्या पाण्यातला, हिरवट अंग, कुशीवरनं गेलेला काळा पट्टा आणि तोंड एवढं मोठं की जबडा डोळ्याच्याही मागं जातो. आपल्या पंचगंगेत हा मासा नाही.

त्याची एक गोष्ट मात्र सांगतोच. २ जून १९३२ ला जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी नावाच्या वीस वर्षांच्या शेतकऱ्याच्या पोरानं माँटगोमेरी लेकमध्ये सव्वाबावीस पौंडाचा, म्हणजे साधारण १०.१ किलोचा बास धरला. पाऊस झालेला, रानात वाफसा नव्हता, नांगर चालत नव्हता म्हणून पोरगं दोस्ताबरोबर मासे धरायला गेलं, आणि दोघांत मिळून रॉड एकच होता असं सांगतात. तो मासा घरी नेऊन खाल्ला सुद्धा. तो विक्रम ७७ वर्षं कुणाला गाठता आला नाही. मग २ जुलै २००९ ला जपानच्या बिवा सरोवरात मानाबु कुरिता यांनी त्याच्यापेक्षा जेमतेम एक औंस जड बास धरला, पण नियम असा की जुना विक्रम मोडायला निदान दोन औंस जास्त पाहिजेत, त्यामुळं आज दोघांची नावं बरोबरीनं लागतात. सामान भारी नाही म्हणून हिरमुसणाऱ्या पोरांना मी ही पेरीची गोष्ट नेहमी सांगतो.

दादा, कॉलेजात आहे, अडीच हजार साठवलेत. पहिला रॉड-रील कुठला घेऊ? यूट्यूबवर बघून डोकं फिरलंय.
(कागलहून एक वाचक)

भावा, आधी यूट्यूब बंद कर आणि तू ज्या पाण्यावर जाणार आहेस तिथं दोन सकाळी नुसता जाऊन बस. पाण्यावर केंदाळ, म्हणजे जलपर्णी, आहे का, काठाला दगड आहेत का पाणकणीस, मासा कुठला उडतोय, मरळ आहे का नुसती चिलापी, हे बघ. रॉड पाण्यावरनं ठरतो, दुकानावरनं ठरवला की फसायला होतं.

आता मरळ धरून चालतो. साडेसहा ते सात फुटाचा, दोन तुकड्यांचा, मीडियम-हेवी स्पिनिंग रॉड घे. मुठीच्या वर रॉडवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतंय, किती पौंडाची लाइन आणि किती ग्रॅमचा लूअर चालेल, ते दुकानातच वाच. ७ ते २८ ग्रॅम असं काही लिहिलेलं असलं तर बेडकाचा लूअर आरामात जाईल. दुकानदाराला सांगून रॉडचं टोक छताला हळूच टेकव आणि वाक बघ, टोकाकडचा भाग वाकला पाहिजे आणि मुठीकडचा कणा ताठ राहिला पाहिजे. सगळाच रॉड उसासारखा लवत असला तर मरळ केंदाळात घुसल्यावर तिला बाहेर ओढायला तुझ्या हातात काहीच उरत नाही.

रील ३००० साइजचं बस झालं. बेअरिंग किती याच्या आकड्याला भुलू नको, मी स्वतः दहा-दहा बेअरिंग लिहिलेली रीलं दुसऱ्या पावसाळ्यात करकरताना ऐकलीत. हँडल हातात धरून डावी-उजवी हलवून बघ, खुळखुळ नको. मग ड्रॅगची चक्री घट्ट करून लाइन हातानं ओढ, सैल करून परत ओढ. लाइन एकसारखी सुटली पाहिजे, हिसके देत सुटली तर ते रील ठेवून दे. ड्रॅग म्हणजे मासा जोरात पळाला की लाइन तुटू नये म्हणून रीलनं स्वतःहून दिलेली ढील, पतंगवाल्याला हे लगेच समजेल. लाइनच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश एवढ्यावर तो लावायचा, म्हणजे वीस पौंडाच्या लाइनला पाच-सहा पौंड.

पैसे खरे लाइनवर घाल. साधा तंगूस, म्हणजे नायलॉनची लाइन, ताणला की लांबतो, त्यामुळं लांबवर मासा लागला तर तुझा झटका निम्मा वाटेतच मुरतो. ब्रेडेड लाइन विणलेली असते, जवळजवळ ताणत नाही, पानाला लूअर घासला तरी बोटाला कळतंय. मरळीला आणि केंदाळाला ३० ते ५० पौंडाची ब्रेड घे. फक्त एक कर, स्पूलवर, म्हणजे रीलमधल्या लाइन गुंडाळायच्या फिरकीवर, आधी पाच-सात मीटर साधा तंगूस गुंडाळ आणि मग त्याला ब्रेड जोड, नाहीतर ब्रेड गुळगुळीत असल्यानं अख्खी लाइन स्पूलवर नुसती फिरत राहते आणि तुला वाटतंय ड्रॅगच खराब आहे. गाठ पालोमर शिक, सोपी आहे आणि पक्की आहे, आवळायच्या आधी थुंकीनं ओली करायची, कोरडी ओढली की घर्षणानं तापून लाइन तिथंच अशक्त होते.

माझे वडील वेळूची काठी, तंगूस आणि मोराच्या पिसाच्या देठाचा तरंगा एवढ्यावर आयुष्यभर मासे धरत आले. मी पहिला कार्बनचा रॉड आणला तेव्हा त्यांनी तो हातात घेऊन फक्त तोलून बघितला आणि विचारलं, "टोकावर काय चाललंय ते हाताला सांगतो का?" सांगतो म्हटलं. "मग चांगला हाय." आजही रॉड निवडताना मला ह्याच्यापेक्षा चांगली कसोटी माहीत नाही.

बेटकास्टर घेतला आणि पस्तावलो. प्रत्येक फेकीला लाइनचा घरटं होतंय, अर्धी सकाळ गुंता सोडवण्यात जाते. विकून टाकू का?
(जयसिंगपूरहून एक वाचक)

विकू नका हो. हा गुंता कशानं होतो ते एकदा ध्यानात आलं की निम्मं काम झालं. स्पिनिंग रीलमध्ये स्पूल जागेवर थांबलेला असतो आणि लाइन त्याच्यावरनं नुसती सुटत जाते. बेटकास्टरमध्ये स्पूल स्वतः फिरतो. तुम्ही फेकल्यावर लूअर हवेत हळूहळू मंदावतो, पण स्पूलला ते माहीत नसतंय, तो त्याच वेगानं लाइन सोडत राहतो, आणि ती जास्तीची लाइन स्पूलवरच फुगून अडकते. या रीलाचे पूर्वज अमेरिकेतल्या केंटकीत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला घड्याळजींनी बनवले, म्हणून त्यात अजून घड्याळासारखंच दात्यांचं बारीक काम आहे, आणि घड्याळासारखंच ते नीट लावावं लागतंय.

लूअर बांधून रॉड आडवा धरा, बटण दाबा. हँडलच्या बाजूची छोटी चक्री एवढी आवळा की लूअर सावकाश खाली उतरेल आणि जमिनीला टेकला की स्पूलही थांबेल. मग दुसऱ्या बाजूचा मॅग्नेटचा ब्रेक दहापैकी आठवर ठेवा. अंतर कमी मिळेल, मिळू दे. सुरुवातीला ब्रेड काढून १२-१४ पौंडाचा साधा तंगूस भरा, कारण ब्रेड स्वतःच्याच वेढ्यात रुतते आणि गुंता सोडवताना रडू येतं. मोकळ्या मैदानावर गळ नसलेलं चौदा ग्रॅमचं वजन बांधून, वारा पाठीवर घेऊन, रोज वीस फेकी करा. अंगठा स्पूलवर पिसासारखा ठेवायचा आणि वजन जमिनीला टेकायच्या क्षणी दाबायचा. तालमीत आधी महिनोन्‌महिने जोर-बैठकाच काढायला लावतात, डाव मागनं येतात, तसंच आहे हे, अंगठा तयार झाला की एकेक आकडा ब्रेक कमी करत जायचा. मला दोन महिने लागले. आता केंदाळात ताटाएवढी मोकळी जागा दिसली तर त्यात लूअर टाकता येतो, आणि तो पाण्याला टेकतो तेव्हा 'टप्‌' एवढाच आवाज होतो, तो आवाज ऐकायला मी आजही पहाटे उठतो.

बेडूक लूअरवर मरळ जोरात येते, पाणी फुटतं, पण गळ लागतच नाही. चार सकाळी झाल्या, हात रिकामे.
(पन्हाळ्याच्या पायथ्याहून एक वाचक)

अहो, चार वेळा पाणी फुटलं म्हणजे जागा आणि लूअर दोन्ही बरोबर आहेत, घाई तेवढी चुकतीय. आवाज झाला की आपला हात आपोआप मागं जातो आणि लूअर तिच्या तोंडातनं निसटतो. पाणी फुटलं की रॉडचं टोक पाण्याकडं न्या, लाइन थोडी ढिली सोडा, मनात 'एक, दोन' म्हणा, आणि लाइन एका बाजूला चालायला लागली किंवा हाताला वजन जाणवलं की मगच खच्चून झटका द्या. मनगटानं भागत नाही, कोपर आणि कंबर दोन्ही लावा. मरळीचं तोंड हाडाचं, टणक असतंय, म्हणून तिथं ब्रेड आणि ताठ रॉडच पाहिजे.

आणि लूअरकडं बघा. बेडकाच्या पाठीला दोन गळ चिकटून वर बघत असतात, केंदाळात अडकू नयेत म्हणून. नवीन लूअरमध्ये ते अंगाला फार दाबून बसवलेले असतात, पकडीनं हलकेच, म्हणजे एखाद-दोन मिलिमीटर, बाहेर काढा. अंगठ्याच्या नखावर गळाचं टोक ठेवून सरकवून बघा, घसरलं तर बोथट, रुतलं तर चांगलं. बेडकाच्या पोटात पाणी भरलं असलं तर पिळून काढा, पाण्यानं जड झालेला बेडूक दाबला जात नाही आणि मग गळ उघडा पडत नाही.

अजून एक. मरळ हवेतला श्वास घ्यायला वर येते, तिच्या डोक्यात त्यासाठी वेगळी सोय असते. केंदाळाच्या कडेला शांत पाण्यात एक 'गप्प' असा आवाज होऊन बुडबुडे उठले की तिथं ती आहे. पण डोक्यावर लूअर टाकू नका, दोन-तीन हात पलीकडं टाका आणि तिच्या वाटेवरनं आणा, अधेमधे थांबवत, बेडूक दमल्यासारखा.

आमच्या शेततळ्यात बासचं बी आणून सोडलं तर? कुणीतरी मिळवून देतो म्हणतोय. मित्रांना घरच्या घरी बास फिशिंग!
(शिरोळ तालुक्यातून एक वाचक)

नको. हात जोडून सांगतो, नको. मला बासचा एवढा नाद आहे तरी सांगतो.

तुम्ही शिरोळचे, २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं ते तुम्हाला मी सांगावं का? एका पुरात तुमचं शेततळं आणि कृष्णा एक होणार, आणि मग तो मासा परत गोळा करता येत नाही. बास तोंडात मावेल ते खातो, मासे, बेडूक, खेकडे, सगळं. जपानमध्ये १९२५ ला आशी सरोवरात हौसेनं बास आणून सोडले, तिथनं ते देशभर पसरले, बिवा सरोवरातल्या तिथल्या मूळच्या माशांची वाट लागली, आणि शेवटी २००५ मध्ये जिवंत बास पाळायला, न्यायला, सोडायला कायद्यानं बंदी घालावी लागली. ज्या बिवात तो विक्रमी मासा सापडला तिथलीच ही गोष्ट. आणि एवढ्या लांब कशाला, चिलापी आपल्या देशात १९५२ साली आणली, आज कुठल्याही तळ्यात जाळं टाका, काय निघतंय बघा. थाई मांगूरवर बंदी आहे तरी लोक चोरून पाळतात. सह्याद्रीच्या नद्यांमध्ये असे मासे आहेत की जे जगात दुसरीकडं कुठंच नाहीत, आणि आपण त्यांच्या घरात परका दांडगा सोडायचा? तळ्यात कटला, रोहू सोडा, आणि रॉडची हौस मरळीवर भागवा, ती बासपेक्षा तसूभर कमी नाही.

माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे, रविवारी उजाडायच्या आत राजाराम बंधाऱ्याकडं जातो. नाद वाईट नाही हे पटतं, पण जीव टांगणीला लागतो. काय सांगू त्याला?
(कसबा बावड्यातून एक आई)

ताई, तुमची काळजी रास्त आहे. त्याला माझं नाव सांगून एवढं सांगा. पावसाळ्यात बंधाऱ्यावरनं पाणी वाहत असलं तर तिथं पाय ठेवायचा नाही, मासा लागला असला तरी नाही, रॉड गेला तरी चालेल. शेवाळलेल्या दगडावर चप्पल घालून उभं राहायचं नाही. एकटा जायचा नाही, आणि पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट घालायचं. ढग गडगडायला लागले की रॉड खाली ठेवून निघायचं, कार्बनच्या रॉडमधनं वीज वाहते, आणि काठावर विजेच्या तारा असल्या तर तिथं फेक करायचीच नाही. डोक्यावर टोपी, डोळ्याला चष्मा, कारण सुटलेला लूअर सरळ तोंडावर येतो. गळाचं उलटं टोक पकडीनं दाबून टाकायला सांगा, म्हणजे माशाला सोडताना इजा कमी आणि बोटात घुसला तरी लगेच निघतो. उलट्या टोकाचा गळ खोल रुतला तर ओढाओढ न करता डॉक्टरकडं जायचं आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं.

जमलं तर एकदा तुम्हीच त्याच्याबरोबर जा. थर्मासमध्ये चहा घेऊन. तो काय बघायला जातो ते तुम्हालाही दिसेल.

मी चपला बनवतो. तुमचे ते लूअर चारशे-पाचशेला एक, केंदाळात गेला की गेला. घरी करता येतील का?
(सुभाषनगरातून एक कारागीर काका)

काका, तुमच्या प्रश्नानं माझा दिवस चांगला गेला. आज जगभर ज्यांच्या नावानं लूअर विकले जातात ते फिनलंडचे लाउरी रापाला, त्यांनी १९३६ मध्ये पहिला लूअर बुचाच्या लाकडाचा केला, आणि तो कोरला चांभाराच्या सुरीनं. वरनं चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्याचा लेप दिला. म्हणजे हत्यार तुमच्याच घरातलं आहे, तुमची रापी.

बेडकासाठी जुन्या स्पंजच्या स्लिपरचा तळ घ्या, तो तरंगतो. अंगठ्याएवढा तुकडा रापीनं कापा, पुढं निमुळता, पोट सपाट. मधनं जाड सुईनं भोक पाडून तार ओवा, पुढं लाइनसाठी कडी, मागं दुहेरी गळ, टोकं वर येतील असा. मागं रबराच्या दोन पट्ट्या किंवा गोंड्याच्या लोकरीचे दोन झुपके लावा, पाय म्हणून. पोटाला शिशाचा हरभऱ्याएवढा तुकडा, म्हणजे पालथा पडला तरी सुलटा होतो. बादलीत टाकून बघा, सुलटा बसला की झालं. मी असा एक केला, माझा ओबडधोबड झाला होता तरी त्याला दोन मरळी आल्या, तुमच्या हाताचा तर देखणा होईल. केलात तर एक मला पाहिजे, पैसे देऊन.

रंकाळा, कळंबा, राधानगरी, कुठं गळ टाकलेला चालतो?
(बऱ्याच जणांचा प्रश्न)

आपल्याकडं बहुतेक तलावांतली मासेमारी ठेक्यानं किंवा मच्छीमार सोसायटीला दिलेली असते, त्यांचं पोट त्याच्यावर आहे, म्हणून आधी विचारायचं. गोड बोललं की हौशी माणसाला सहसा कुणी नाही म्हणत नाही, आणि नाही म्हटलं तर रामराम करून निघायचं. राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत अजिबात नाही. आणि कुठं जिलेटीन लावून किंवा विष टाकून मासे मारताना दिसले तर पोलिसांना कळवा, १८९७ च्या कायद्यापासून हा गुन्हा आहे. तंगसाचे तुकडे काठावर टाकू नका, बगळ्यांच्या पायात अडकतात.

मृगाच्या पावसानंतर तळ्यात तांबड्या बारीक पिल्लांचा पुंजका फिरताना दिसतो, त्याच्याखाली मोठी मरळ असते आणि लूअर टाकला की हमखास येते. मित्र म्हणतात हाच मोका. तुमचं काय मत?
(गडहिंग्लजहून एक वाचक)

ती हमखास येते, कारण तिला तो बेडूक पिल्लं खायला आलाय असं वाटतंय. भुकेनं ती येत नाही. मरळीची जोडी पिल्लांची राखण करते, बासमध्ये हेच काम नर करतो, आणि राखणीतला मासा उचलला की बाकीचे मासे तो पुंजका थोड्या वेळात साफ करतात. म्हणून माझं मत सरळ आहे, पिल्लांवर लूअर टाकायचा नाही.

मी एकदा टाकला होता, वीस वर्षांचा असताना. मरळ आली, लागली, दोन-अडीच किलोची होती, मित्रांनी पाठ थोपटली. तिला गळातनं काढेपर्यंत पाच-सात मिनिटं गेली असतील, आणि मी पाण्याकडं बघितलं तर तो तांबडा पुंजका विस्कटलेला, चिलापी चारी बाजूनं तुटून पडलेल्या. मी तिला सोडली, दोन्ही हात ओले करून, आडवी धरून, जिथनं उचलली तिथंच. ती थोडा वेळ काठालाच थांबली आणि मग त्या पिल्लांच्या खाली जाऊन उभी राहिली, चिलापी पांगल्या. महिन्यानं गेलो तेव्हा उरलेली पिल्लं बोटाएवढी झाली होती, तांबडा रंग जाऊन काळपट पडलेली, आणि एकेकटी केंदाळाखाली शिरत होती.